अ‍ॅम्पमधली घुंऽ आणि स्सऽ : शोधायला सुरुवात कुठून करायची?

रविवारची_सकाळ

नमस्कार मंडळी,

बाबांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) माळ्यावरून खाली काढला. ऐंशीच्या दशकातला, लोखंडी डब्याचा, तीन पिनचा. अजून दणकट वाजतो. त्याला जोडलेलं सामान असं: रेकॉर्ड प्लेअर (सुईचं साधं एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज; त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प अ‍ॅम्पच्या आतच), टीव्ही (हेडफोनच्या सॉकेटातून आरसीए वायर) आणि लॅपटॉप. टीव्हीला गल्लीतल्या केबलवाल्याचा सेट टॉप बॉक्स. सगळं हॉलमधल्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. सांगलीतलं जुनं घर, वायरिंग टप्प्याटप्प्याने बदललेलं.

त्रास दोन आहेत. एक म्हणजे सतत घुंऽऽ. टीव्ही, लॅपटॉप, रेकॉर्ड, काहीही लावा, ती असतेच, फोनोवर जास्त. विलंबित ख्याल लावला की आलापात गायिका थांबते तिथे बरोबर हीच मधे येते. दुसरी स्सऽऽ. आवाज वाढवला की वाढते.

दुकानदार म्हणाला वायरी बदला. वायरमन म्हणाला अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन काढून टाकतो, लगेच जाईल. मला दोन्ही पटेना. जाणकारांनी सांगावं.

ओमचा_नियम

ताई, वायरमनला आधी थांबवा, मग पुढचं बोलू.

काही विकत घ्यायच्या आधी आवाज नेमका कुठून शिरतो ते बघायचं. पैसे न लागणाऱ्या चाचण्या:

अ‍ॅम्प बंद करा. मागच्या सगळ्या आरसीए काढा, रेकॉर्ड प्लेअरची अर्थची बारीक वायरही सोडवा. फक्त स्पीकर ठेवून, व्हॉल्यूम शून्यावर आणून चालू करा. वूफरला कान लावा. घुं आहे का? असेल तर ती अ‍ॅम्पच्या पोटातली. नसेल तर बाहेरून येते.

मग एकेक वस्तू जोडत जा. दर वेळी अ‍ॅम्प बंद करून, नाहीतर स्पीकरला दणका बसेल. जी जोडल्यावर घुं येईल तिचं नाव लिहून ठेवा.

आवाज स्पीकरमधून येतो की डब्यातून, हेही बघा. ट्रान्स्फॉर्मर स्वतःच गुरगुरत असेल तर स्पीकर काढले तरी ते ऐकू येतं, आणि त्याचा उपाय निराळा.

शेवटचं: घुं गोल आणि खोल आहे की खरखरीत, काठ असलेली? आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. सिग्नलच्या वाटेने उचलली गेलेली घुं बहुधा ५०ची असते. पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकले की १००ची येते, कारण ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो. खरखरीत असेल तर वरचे गुणक (५०च्या पटीतले सूर) भरपूर आहेत, म्हणजे एखादा अ‍ॅडॉप्टर, डिमर किंवा फॅनचा रेग्युलेटर यांच्यावर संशय.

पितळी_कर्णा

दुकानदार अगदीच चूक नाही हो. मी चांगल्या शील्डच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरी घातल्या, आणि स्टेजच उघडलं, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी ऐकू यायला लागलं. स्वस्त वायरींवर चांगला अ‍ॅम्प म्हणजे पैठणीवर रबरी चप्पल.

सोल्डरगन

कर्णासाहेब, स्टेज उघडलं असेल, पण इथे घुं बंद करायची आहे. :) शील्ड तुटलेलं असेल किंवा आरसीएचा बाहेरचा पत्रा सैल असेल तर वायर बदलून फरक पडतो, आणि तो शंभर-दोनशेच्या वायरीनेही पडतो. वायर हलवून बघा. खरखर आली-गेली तर वायर दोषी. नाहीतर वायरीला उगाच फाशी नको.

रविवारची_सकाळ

सगळं केलं. निकाल:

१. काहीही न जोडता, व्हॉल्यूम शून्य: अगदी बारीक घुं, दोन्ही स्पीकरला सारखी. कान वूफरला टेकवला तरच. खुर्चीत बसून ऐकू येत नाही.

२. फक्त लॅपटॉप (चार्जरसकट): विशेष फरक नाही.

३. टीव्ही जोडला: धाडकन घुंऽऽ, खरखरीत. टीव्ही स्विचवरून बंद केला तरी तशीच! सेट टॉप बॉक्सची केबलची जाड वायर उपटली, की गेली.

४. आता गंमत. केबल काढलेली असताना अ‍ॅम्पच्या डब्याला हाताची मागची बाजू लागली की बारीक मुंग्या येतात. केबल लावली की मुंग्या बंद, घुं सुरू. लॅपटॉपचा चार्जर काढला की दोन्ही बरंच कमी.

हे काय गौडबंगाल आहे?

घरचाच_फेज

सोपं आहे. तिसरी पिन काढा. आमच्याकडे कित्येक वर्षं अ‍ॅम्प दोन पिनवरच चालतो, काही होत नाही. अर्थिंग हा कंपन्यांचा उगाच बाऊ आहे.

वायरमन_सहा_अँपियर

नाही होत, नाही होत, आणि एक दिवस होतं.

मी हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर. तीन पिनच्या प्लगात अर्थची पिन लांब का असते? ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. लोखंडी डब्याच्या आत ट्रान्स्फॉर्मरचं इन्शुलेशन गेलं किंवा फेजची वायर सुटून डब्याला टेकली, तर अर्थ असेल तेव्हा मोठा करंट वाहतो आणि फ्यूज, एमसीबी किंवा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो. पिन काढलीत तर काहीच पडत नाही. डबा २३० व्होल्टवर शांतपणे वाट बघत बसतो. आणि आरसीएच्या शील्डमधून तो फेज टीव्ही, रेकॉर्ड प्लेअर, लॅपटॉप, सगळीकडे पोचतो. म्हणजे तुम्ही रेकॉर्डवरची सुई उचलायला जाणार आणि टोनआर्म जिवंत असणार. घुं घालवायला हा सौदा कुणी करू नये.

आता ताईंच्या मुंग्या. मला घुंपेक्षा त्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात. अर्थ ठीक असती तर तीन पिनच्या अ‍ॅम्पला मुंग्या येताच कामा नयेत. हॉलच्या बोर्डात अर्थची वायर सॉकेटपर्यंत आहे, पण पुढे कुठेच पोचत नाही, असा माझा अंदाज. ओळखीच्या वायरमनला मीटर घेऊन बोलवा आणि तीन आकडे घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. तेच तीन स्वयंपाकघरातल्या सॉकेटवरही. ज्याने पिन काढायला सांगितलं त्याला मात्र बोलवू नका.

ओमचा_नियम

सहा_अँपियर यांना +१००. अंदाज बरोबर असेल तर सगळं जुळतं. कसं ते सांगतो.

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे छोटे कपॅसिटर असतात, त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. काम रेडिओ खरखर दाबायचं. त्यातून अगदी थोडा करंट अर्थमध्ये झिरपतो, आणि हे मुद्दाम ठेवलेलं असतं. अर्थ जमिनीत गेली असेल तर तो निमूट निघून जातो. पण अर्थ लटकती असेल, तर बोर्डवरच्या सगळ्या अर्थ पिना मिळून अर्ध्या व्होल्टेजच्या आसपास तरंगतात. अ‍ॅम्पचा डबा त्याच अर्थला बांधलेला, म्हणून मुंग्या.

आता केबलवाल्याची वायर लावली. तिचं शील्ड बाहेर कुठेतरी खांबावर, केबलवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर जमिनीला लागलेलं. मग तो झिरपणारा करंट वाट शोधतो: अ‍ॅम्पचा डबा, आरसीएचं शील्ड, टीव्ही, एचडीएमआयचं शील्ड, सेट टॉप बॉक्स, केबल, जमीन. मुंग्या थांबतात, पण तो करंट आरसीएच्या शील्डमधून जातो, आणि शील्ड हीच सिग्नलची परतीची वाट आहे. शील्डला थोडा तरी रेझिस्टन्स असतोच. त्यावर पडलेलं व्होल्टेज अ‍ॅम्पला सिग्नलच वाटतं. टीव्ही बंद असतानाही घुं का, याचं उत्तर यातच आहे. चार्जरचा करंट लाटेसारखा गुळगुळीत नसतो, म्हणून आवाज खरखरीत.

काळी_पाच

मी गाणारी, विजेतलं शून्य कळतं. पण एक निरीक्षण. १०० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी). खालच्या पांढरी पाचचा सूर ९८ हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे घुं त्यापेक्षा किंचित चढी. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या कलाकाराची रेकॉर्ड लावली तर तानपुऱ्याच्या षड्जाला ती सतत घासत राहणार. काळी एकमध्ये गाणाऱ्या बाईंना तितका त्रास नाही. रविवारची_सकाळ, तुमची गायिका कुठल्या पट्टीतली?

(मैफिलीतही असंच होतं. हॉलचा साउंडवाला म्हणतो 'काही नाही हो, ऐकू नाही येणार', आणि आम्ही तानपुरा लावायला बसलो की आम्हाला तेवढंच ऐकू येतं.)

न्यूजर्सीकर

अवांतर: इकडे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे आमची घुं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. ना धड काळी ना धड पांढरी. कुठल्याच पट्टीला लागत नाही, सगळ्यांना सारखीच बेसूर.

रविवारची_सकाळ

काळी_पाच, पट्टी पांढरी चार असावी, नक्की सांगता येणार नाही. पण तुमचं वाचून आता घुंचा सूर ऐकायची खोडच लागली आहे. :D

दुसरे वायरमन येऊन गेले. सहा_अँपियर, तुमच्या तोंडात साखर पडो.

हॉल: फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ १२१, न्यूट्रल-अर्थ ११०.
स्वयंपाकघर: फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ दीड.

हॉलचा स्विचबोर्ड उघडला तर हिरवी वायर सॉकेटपासून निघून बोर्डच्या मागे गुंडाळून ठेवलेली. टोक टेपने नीट बांधलेलं, जणू शिस्तीत काम केलंय. पुढे पाइपात अर्थची वायरच ओढलेली नव्हती. आता मीटरजवळच्या मुख्य अर्थपर्यंत नवी वायर ओढून घेतली. मुंग्या पूर्ण बंद. खरखर गेली. पण केबल लावली की एक खोल, गोल घुं अजून येते. आधीच्या मानाने लहान.

वायरमन_सहा_अँपियर

छान झालं. दीड व्होल्ट म्हणजे काळजीचं कारण नाही. बाहेरच्या अर्थच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालत जा. माती कोरडी पडली की अर्थ कमजोर होते. आणि घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी नसेल तर हातासरशी बसवून घ्या.

कुणी उत्साहात घरी फेज-अर्थला बल्ब लावून 'अर्थ चालते का' बघू नका. ४० वॅटचा बल्ब साधारण १७० मिलिअँपियर ओढतो. अर्थ चांगली असून आरसीसीबी असेल तर तो पडतो, आणि अर्थ लटकती असेल तर सगळ्या अर्थ पिनांवर फेज चढतो. ते काम आमच्यावर सोडा.

ओमचा_नियम

उरलेली घुं म्हणजे खराखुरा ग्राउंड लूप. तुमच्या घराची अर्थ आणि केबलवाल्याची अर्थ, या दोन वेगवेगळ्या जागी जमिनीत गेल्या आहेत, आणि दोन्ही जागांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. दोन्ही टोकं तुमच्या आरसीए शील्डने जोडली गेली. करंट फिरत राहतो.

लूप तोडायचा, पण अर्थच्या पिनेवर नाही, सिग्नलच्या वाटेवर. तीन जागा आहेत. केबलच्या जाड वायरीवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. चांगला मिळाला तर काम होतं, स्वस्तातले चित्र बिघडवतात. दुसरं, आरसीएवर १:१ चा ऑडिओ ट्रान्स्फॉर्मर, 'ग्राउंड लूप आयसोलेटर' म्हणून डबी मिळते. स्वस्त डबीत खालचे सूर बारीक होतात, तबल्याचा डग्गा पोकळ वाटेल. तिसरं मला सगळ्यात आवडतं: टीव्हीच्या मागे ऑप्टिकल आउट असेल तर प्लास्टिकची ऑप्टिकल वायर आणि एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारी डबी). प्रकाशातून अर्थ जात नाही, विषय संपला. शिवाय टीव्हीच्या हेडफोन सॉकेटातला आवाज तसाही सुमारच असतो. डॅक दोन पिनच्या अ‍ॅडॉप्टरवर चालवा, टीव्हीच्या यूएसबीवर नको, नाहीतर लूप मागच्या दाराने परत येईल.

सोल्डरगन

आता वूफरला कान लावल्यावर ऐकू येणारी बारीक घुं. व्हॉल्यूम शून्य, दोन्ही बाजूंना सारखी, म्हणजे पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कंडेन्सर (वर म्हटलेले कपॅसिटरच). इतक्या वर्षांत आतलं इलेक्ट्रोलाइट सुकतं. डोकं फुगलंय का, बुडाशी चिकट तपकिरी डाग आहे का, हे बघा. ते डाग कधी कधी नुसता चिकटवायचा गोंद असतो, लगेच घाबरू नका.

बदलायचे तर व्होल्टेज तेवढंच किंवा वरचं, १०५ डिग्रीचे, मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त. ४७०० च्या जागी २२००० घालू नका. चालू करताना ब्रिज आणि फ्यूजवर ताण येतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची मर्दानी पद्धत सोडा, एखाद्या जाड रेझिस्टरने हळू उतरवा आणि मीटरने बघा. माल पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पण ओळखीच्या दुकानातून. नव्या वेष्टनात जुना माल भरपूर फिरतो.

माझं मत विचाराल तर, खुर्चीत ऐकू येत नसेल तर आत्ता हात लावू नका. पुढे अ‍ॅम्प उघडायची वेळ येईल तेव्हा करून टाका.

रविवारची_सकाळ

टीव्हीला ऑप्टिकल आहे! डॅक मागवला, लावला, टीव्हीची घुं शून्य. आता फोनो. तिथे अजून आहे, आणि टोनआर्म रेकॉर्डच्या मध्याकडे जाईल तशी वाढते. शेवटच्या गाण्याला सगळ्यात जास्त.

ओमचा_नियम

हे फार चांगलं निरीक्षण आहे. रेकॉर्ड प्लेअर अ‍ॅम्पच्या डाव्या बाजूला, अगदी चिकटून ठेवलाय का?

रविवारची_सकाळ

हो! तुम्हाला कसं कळलं?

ओमचा_नियम

आर्म मध्याकडे सरकतो तेव्हा कार्ट्रिज उजवीकडून डावीकडे जातं. तुमच्याकडे अ‍ॅम्प उजवीकडे आहे, म्हणजे कार्ट्रिज त्याच्यापासून लांब जातं आणि घुं कमी व्हायला हवी; म्हणून खात्री करून घेतली. मग अ‍ॅम्पचा ट्रान्स्फॉर्मर बहुतेक कारण नाही. प्लेअरच्या डाव्या बाजूला काय आहे?

रविवारची_सकाळ

डावीकडे... मोडेमचा जाड अ‍ॅडॉप्टर, भिंतीतल्या सॉकेटमध्ये. जुना, वजनदार.

ओमचा_नियम

मिळाला. त्या जाड्या अ‍ॅडॉप्टरमध्ये लोखंडी ट्रान्स्फॉर्मर असतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र आजूबाजूला पसरतं. एमएम कार्ट्रिज म्हणजे सुईजवळ चुंबक आणि बाजूला वेटोळी. वेटोळ्याला हे क्षेत्र लगेच कळतं. कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात. फोनो प्रीअ‍ॅम्प १ किलोहर्ट्झला साधारण शंभरपट वाढवतो. आणि रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले असतात, ते परत उचलायला आरआयएए नावाचं ठरलेलं वळण (कर्व्ह) लागतं, ते ५० हर्ट्झला आणखी १७ डेसिबल चढवतं. म्हणजे एकूण सातशेपट. बाकी कुठेही न जाणवणारी घुं फोनोवर म्हणूनच दिसते.

अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या भिंतीवर हलवा. चुंबकीय क्षेत्र अंतराने भराभर कमी होतं, हातभर अंतरही पुरतं. रेकॉर्ड थांबवून, आर्म हाताने हवेत धरून सावकाश फिरवून बघा, आणि अ‍ॅम्पच्या बाजूलाही बघा. प्लेअरची अर्थची बारीक वायर मात्र अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला घट्ट हवीच.

आता स्सऽ. ती शून्य होत नाही, आणि व्हायचा हट्टही धरू नये. कुठल्याही रेझिस्टरमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन चुळबुळत असतात, त्याचा आवाज येतो; जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये हे मांडलं. फोनोच्या इनपुटला ४७ किलोओमचा रेझिस्टर असतो. सुई-कार्ट्रिज जोडलेलं नसताना तो मोकळा राहतो आणि स्सऽ जास्त येते. म्हणून ही स्सऽ कार्ट्रिज जोडून मोजायची. लॅपटॉपसाठी उपाय सोपा: लॅपटॉपचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवा, अ‍ॅम्पचा कमी. लोक उलटं करतात, मग अ‍ॅम्प लॅपटॉपची खसखसही मोठी करतो. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम फिरवूनही स्सऽ तेवढीच राहत असेल, तर ती व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातली, म्हणजे पॉवर अ‍ॅम्पची.

काळी_पाच

आणि जुन्या कॅसेटमधली स्सऽ? मैफिलींची रेकॉर्डिंग्ज आहेत आमच्याकडे.

सोल्डरगन

ताई, ती टेपमध्येच आहे. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरने सरकते, पट्टीही अरुंद, त्यामुळे टेपच्या कणांचा आवाज ऐकू येणारच. डॉल्बी बी (टेपची स्सऽ दाबायची सोय) लावून भरली असेल तर वाजवतानाही डॉल्बी बी लावा, वरच्या सुरांत नऊ-दहा डेसिबलचा फरक पडतो. डॉल्बीविना भरलेल्या कॅसेटवर मात्र लावू नका, जवारी मरते. त्याआधी हेड स्पिरिटने पुसा आणि अझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) जुळवून घ्या. संगणकावरच्या सफाई फिल्टरचा हात सढळ ठेवलात तर तानपुराच पुसला जातो.

मिरजेचा_तानपुरा

वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). माझाही एक प्रश्न घुसवतो. लाइट गेली की अ‍ॅम्प इन्व्हर्टरवर जातो, आणि तेव्हा डबाच गुरगुरायला लागतो. स्पीकर काढले तरी. लाइट आली की शांत.

सोल्डरगन

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. चौकोनी लाटेत वरचे गुणक भरपूर, ते ट्रान्स्फॉर्मरच्या पत्र्यांना थरथरवतात. अ‍ॅम्प बिघडलेला नाही. तो इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांसाठी ठेवा, अ‍ॅम्पसाठी प्युअर साइन वेव्हचा घ्या, नाहीतर लाइट येईपर्यंत अ‍ॅम्प बंद ठेवा. साइन वेव्हवरही गुरगुरला तर ट्रान्स्फॉर्मरचे बोल्ट सैल आहेत का बघा. आवळताना बेताने, आणि प्लग काढून.